सोसायटी म्हणजे कोण?

प्रास्ताविक

शहरात स्वतःचे घर घेणारा माणूस घराबरोबरच आणखी एका गोष्टीचा भागीदार होतो. ती गोष्ट म्हणजे सहकारी गृहनिर्माण संस्था. बोलताना आपण तिला 'सोसायटी' म्हणतो. या संस्थेविषयी तक्रारी पुष्कळ ऐकू येतात. प्रस्तुत वैचारिक लेखात लेखिकेने त्या तक्रारी नाकारलेल्या नाहीत. तथापि या संस्थेकडे वेगळ्या दृष्टीने पाहण्याचा आग्रह धरला आहे. पाठ वाचताना लेखिकेचे मत कोणते, त्यासाठी तिने कोणते दाखले दिले आहेत आणि ते आपल्याला पटतात का, याचा विचार करा.

मूळ पाठ

"सोसायटीने पाणी बंद केले." "सोसायटीने पाहुण्यांची गाडी आत लावू दिली नाही." "सोसायटीवाले फार त्रास देतात." शहरात राहणाऱ्या कोणाशीही घटकाभर बोलत बसले, की यांपैकी एखादे वाक्य कानी पडतेच. मी भाषेची विद्यार्थिनी असल्यामुळे अशा वाक्यांतील कर्त्याकडे माझे लक्ष जाते. या सर्व वाक्यांत कर्ता तृतीय पुरुषी आहे. जणू सोसायटी ही आपल्याहून वेगळी, कोठेतरी उंचावर बसलेली एक व्यक्ती आहे. ती हुकूम सोडते आणि आपण ते निमूटपणे सोसतो. वस्तुतः सोसायटी म्हणजे त्या इमारतीत घर असलेली सर्व माणसे. तेव्हा "सोसायटीने पाणी बंद केले" या वाक्याचा खरा अर्थ "आम्ही पाणी बंद केले" असा होतो. हे वाक्य उच्चारायला जड जाते, यातच सारे मर्म आहे.

मित्रहो, आपल्यापैकी काहींनी सोसायटी फाटकाच्या आतून पाहिली असेल, तर काहींनी फाटकावरच्या वहीत नाव लिहिताना. काही जण अशा इमारतीत राहत असतील. काही तेथे पहारा करीत असतील, गाड्या धूत असतील, धुण्याभांड्याची वा स्वयंपाकाची कामे करीत असतील. दोन्ही बाजूंच्या माणसांना या संस्थेचा राग येऊ शकतो आणि तो बहुधा सकारणच असतो. तरीही मला असे वाटते, की सामान्य नागरिकाच्या हाती ज्या थोड्या सत्ता आल्या आहेत, त्यांत ही एक मोलाची सत्ता आहे. आपण ती वापरत नाही, म्हणून दुसरे कोणी ती आपल्या नावाने वापरते.

ही संस्था जन्माला का आली, हे आधी पाहू. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत घराचा प्रश्न बिकट झाला होता. १८९६ च्या प्लेगने दाटीवाटीच्या वस्त्यांचे भीषण रूप उघडे केले होते. नोकरीसाठी आलेल्या बेताच्या मिळकतीच्या माणसाला भाडे परवडत नसे आणि घरमालकापुढे त्याचे काही चालत नसे. १९०४ च्या कायद्याने देशात सहकारी पतसंस्थांना मान्यता मिळाली होती. १९१२ च्या कायद्याने सहकाराची वाट इतर कामांसाठीही मोकळी केली. बंगळूरुमध्ये १९०९ मध्येच घरबांधणीची एक सहकारी संस्था निघाली होती. मुंबईत १९१५ मध्ये गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिचे प्रवर्तक. इमारती संस्थेच्या मालकीच्या आणि त्यांत राहणारे सभासद हेच संस्थेचे मालक, अशी ही योजना होती. भाडे देणारा आणि भाडे घेणारा एकच झाला! ज्या माणसाला एकट्याने चार भिंती उभारणे शक्य नव्हते, त्याने शेजाऱ्याचा हात धरला आणि दोघांनाही छप्पर मिळाले.

पुढे महाराष्ट्रात १९६० चा सहकारी संस्था अधिनियम आला, १९६३ मध्ये सदनिकांच्या मालकीविषयीचा कायदा झाला आणि शिक्षक, कारकून, गिरणीतील नोकर, पत्रकार अशा अनेकांनी संस्था स्थापून घरे बांधली. मराठी वाचकाला जवळचे वाटेल असे एक उदाहरण सांगते. मुंबईत वांद्रे पूर्वेला 'साहित्य सहवास' ही लेखकांनी सहकारातून उभारलेली वसाहत आहे. विंदा करंदीकर, गंगाधर गाडगीळ यांसारखे साहित्यिक तेथे राहिले. कवी व प्राध्यापक रमेश तेंडुलकर यांचे घरही तेथेच होते आणि त्यांचा मुलगा सचिन लहानपणी त्याच आवारात क्रिकेट खेळला. लेखणीवर पोट भरणाऱ्याला मुंबईत घर मिळाले, ते सहकारामुळे. आज महाराष्ट्रात नोंदलेल्या गृहनिर्माण संस्थांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. देशाच्या इतर भागांत तिची नावे आणि कायदे वेगळे असतात. कोठे गट गृहनिर्माण संस्था, कोठे सदनिकाधारकांचा संघ, तर कोठे रहिवासी कल्याण संघ. दिल्ली सरकारने २००० मध्ये 'भागीदारी' योजना सुरू केली, तेव्हा असेच रहिवासी संघ तिचा एक आधार होते. नाव कोणतेही असो, मूळ कल्पना एकच आहे: जे सामायिक आहे, ते सर्वांनी मिळून सांभाळायचे.

'सामायिक' हा शब्द सोपा आहे, त्याचा व्यवहार सोपा नाही. महाराष्ट्रातील संस्थांच्या आदर्श उपविधींतील, म्हणजे कारभाराच्या नियमांतील, दोन गोष्टी पाहा. लिफ्टच्या दुरुस्तीचा व देखभालीचा खर्च सर्व सभासदांनी समान द्यायचा असतो. लिफ्ट वापरो वा न वापरो. म्हणजे तळमजल्यावर राहणारा माणूस, ज्याला लिफ्टची कधी गरज पडत नाही, तोही सातव्या मजल्यावरच्या माणसाइतकेच पैसे देतो. उलट, गच्ची गळू लागली तर पाणी सर्वांत वरच्या मजल्यावर पडते. पण तिची दुरुस्ती संस्थेच्या, म्हणजे सर्वांच्या, पैशाने होते. तळमजला वरच्यांसाठी लिफ्ट चालवतो आणि सारी इमारत मिळून वरच्या मजल्याचे छप्पर राखते. तिसरी गोष्ट मतदानाची. कोणाचे घर एका खोलीचे असो वा पाच खोल्यांचे, सभासदाला मत एकच. पैशाने मोठा असलेला येथे मताने मोठा होत नाही. आपल्या समाजात जेथे हे तत्त्व खरोखर पाळले जाते, अशा जागा किती आहेत?

सोसायटीची बरीच कामे डोळ्यांना दिसतच नाहीत. पाण्याची टाकी धुतली, तर कोणी आभार मानत नाही. धुतली नाही, तर मुले आजारी पडतात. पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीची पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी, असे उपविधी सांगतात. खांबाला पडलेली चीर हा कोणा एकाच्या घरातला प्रश्न नसतो. म्हणूनच तो कोणालाच आपला वाटत नाही. तो आपला मानणारी जी एकच जागा असते, ती म्हणजे सोसायटी. बांधकाम करणाऱ्याने जमिनीची मालकी संस्थेच्या नावे करून दिली नाही, तर एकटा सदनिकाधारक काय करणार? २००८ च्या कायदादुरुस्तीने 'मानीव अभिहस्तांतरणा'ची सोय झाली. म्हणजे बांधकाम करणारा टाळाटाळ करीत असला, तरी सक्षम अधिकाऱ्याकडे जाऊन मालकी मिळवता येते. तथापि त्यासाठी अर्ज करायला, कागद जमवायला, खेपा घालायला संस्था लागते. जुनी इमारत पाडून नवी बांधायची वेळ येते, तेव्हा तर एकेकटे घर बिल्डरपुढे दुबळे ठरते. एकत्र बसलेली अठ्ठावीस घरे दुबळी ठरत नाहीत.

आता माझ्या स्वतःच्या चुकीविषयी सांगते; कारण या लेखातले मत मला ग्रंथांतून मिळालेले नाही.

मी मुंबईच्या एका उपनगरात सात मजल्यांच्या इमारतीत राहते. आमच्या संस्थेत २८ सदनिका आहेत. काही वर्षांपूर्वीपर्यंत मी सर्वसाधारण सभेला सहसा जात नसे. सभा वेळेवर सुरू होत नाही, तेच चार जण बोलतात, गाडी लावण्याच्या जागेवरून भांडण होते आणि शेवटी चहा गार झालेला असतो, असे माझे म्हणणे होते. ते खोटे नव्हते. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते. त्या वर्षीच्या सप्टेंबरातही सूचना आली. तिच्या तळाशी नेहमीचे वाक्य होते: गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व त्या सभेस गणसंख्येची आवश्यकता असणार नाही. मी घरीच पुस्तक वाचत बसले. नियमाने १९ जण हवे होते, आले ९. सभा तहकूब झाली, अर्ध्या तासाने पुन्हा भरली आणि ९ जणांनी २८ घरांच्या वतीने ठराव केले. त्यांतला एक असा होता: घरकामास येणाऱ्या व्यक्तींनी लिफ्टचा वापर करू नये, जिन्याने जावे-यावे. लिफ्ट वारंवार बिघडते, असे कारण नोंदवले होते. सभेचे इतिवृत्त घरोघर आले, तेव्हा मी न वाचताच पोच म्हणून सही केली.

आमच्याकडे स्वयंपाकाला मावशी येतात. आम्ही सहाव्या मजल्यावर राहतो. दिवाळीच्या सुमारास मावशी एके सकाळी दाराशीच बसल्या. त्यांना धाप लागली होती. मी पाणी दिले. त्या म्हणाल्या, "ताई, खाली कागद लावलाय. कामवाल्या बायांनी लिफ्टनं जायचं नाही, असं लिहिलंय त्यात." मावशी त्या वर्षी प्रौढांच्या साक्षरता वर्गाला जाऊ लागल्या होत्या. फलकावरची ती सूचना त्यांनी उभे राहून, अक्षराला अक्षर जोडून वाचली होती. मी मराठीची एम. ए.; ती सूचना मी वाचली नव्हती.

"तुम्ही होता का मीटिंगला?" त्यांनी विचारले.

"नव्हते," मी म्हणाले.

"मग बरं," असे म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

मी सभेला नव्हते, म्हणजे मी दोषी नाही, असे त्यांना वाटले. मला मात्र ते वाटेना. मी असते, तर दहावी असते. कदाचित एका 'नको'ने आणखी दोन 'नको' बोलके झाले असते. माझी गैरहजेरी तटस्थ नव्हती. ती त्या ठरावाच्या बाजूने मोजली गेली होती.

मी सचिवांकडे गेले. ते तापट नव्हते की दुष्टही नव्हते. बँकेची नोकरी सांभाळून, एक पैसा न घेता ते हे काम करीत होते आणि आपण कंटाळल्याचे सांगत होते. त्यांनी उपविधींची पुस्तिका माझ्यापुढे ठेवली. सर्वसाधारण सभेने केलेला ठराव सहा महिने झाल्याखेरीज रद्द करता येत नाही, असे त्यात होते. माझ्या दोन तासांच्या गैरहजेरीची किंमत मावशी सहा महिने सहा जिने चढून भरणार होत्या. मी त्यांना म्हणाले, "माझ्याबरोबर लिफ्टने चला." त्यांनी मान हलवली. "रोज तुम्ही खाली येणार का न्यायला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

त्याच पुस्तिकेत दुसराही एक नियम सापडला. एकपंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली, तर समितीला एका महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावीच लागते. २८ चा एकपंचमांश, म्हणजे आम्हाला सहा सह्या हव्या होत्या. मार्च महिन्यात मी दारोदार फिरले. पाच सह्या दोन दिवसांत झाल्या. कोणी 'विचार करून सांगतो' म्हणाले, कोणी 'वाईटपणा कशाला' म्हणाले. सहावी सही मिळायला आठ दिवस लागले. ती तळमजल्यावर राहणाऱ्या एका निवृत्त पोस्टमास्तरांनी केली. ते सप्टेंबरच्या सभेला हजर होते आणि त्यांनी ठरावाच्या बाजूने हात वर केला होता.

एप्रिलमधल्या त्या सभेला २१ जण आले. लिफ्ट जुनी झाली आहे, बिघडली की खर्च होतो, खर्च सभासद देतात, मग बाहेरच्यांनी ती का वापरावी, असा मुद्दा निघाला. तो अगदीच गैरलागू नव्हता. मी काही बोलले. त्यात तत्त्वे फार होती आणि परिणाम थोडा झाला. मग पोस्टमास्तर उठले. ते म्हणाले, "मी तळमजल्यावर राहतो. एकोणीस वर्षे लिफ्टचा समान वाटा देतो आहे. कोजागरीला गच्चीवर गेलो असेन तेवढाच. मी पैसे देतो ते ज्याला वर जायचे आहे त्याच्यासाठी. मागच्या वेळी मी हात वर केला, तो विचार न करता केला. तेव्हा माझा वाटा आता मावशींच्या नावे लिहा. त्यांना माझ्या पैशाने वर जाऊ द्या." कोणीतरी हसले, पण ते हसणे टिंगलीचे नव्हते. मतदान झाले. जुना ठराव रद्द करण्याच्या बाजूने १३, विरोधात ७, एक जण तटस्थ. त्याच सभेत लिफ्टच्या नियमित देखभालीचा करार करण्याचेही ठरले. खरा प्रश्न तोच होता.

दुसऱ्या दिवशी फलकावर नवी सूचना लागली. मावशींनी तीही वाचली. वर आल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "'सर्वांना' असं लिहिलंय."

हा प्रसंग मी विजय म्हणून सांगत नाही. ज्या संस्थेने अन्याय केला, त्याच संस्थेच्या नियमांत तो दूर करण्याची वाट होती आणि ती वाट चालायला सहा माणसे पुरेशी होती, हे मला सांगायचे आहे. घरमालकाच्या चाळीत अशी वाट नव्हती. मोठ्या सरकारी यंत्रणेत ती असते, पण लांबची असते. येथे ती जिन्याइतकी जवळ होती.

तथापि सोसायटीविरुद्धच्या तक्रारी या एका गोष्टीने संपत नाहीत. पहिली तक्रार पदाधिकाऱ्यांच्या अरेरावीची आणि हिशोबातील गोंधळाची. ती अनेक ठिकाणी खरी असते. पण कायद्याने सभासदाला हिशोबपत्रके, सभांचे इतिवृत्त आणि स्वतःच्या खात्याच्या नोंदी पाहण्याचा हक्क दिलेला आहे. घर भाड्याने दिल्यास घ्यावयाचा आकार सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही; घर विकताना घ्यावयाच्या हस्तांतरण अधिमूल्याला २५,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. अन्याय झाल्यास उपनिबंधकाकडे व सहकार न्यायालयाकडे दाद मागता येते. हे हक्क आपल्यापैकी किती जण वापरतात? किंबहुना किती जणांना ते माहीत असतात? ज्या घराचे कर्ज आपण वीस वर्षे फेडतो, त्या घराच्या उपविधींची पुस्तिका वीस मिनिटेही वाचत नाही.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. धर्म, जात, आहार, अविवाहित असणे, अशा कारणांनी माणसांना घर नाकारले जाते. याबाबत संस्थांची बाजू घेणे मला शक्य नाही. सहकाराचा आरंभ अनेक ठिकाणी एकाच समाजातील माणसांनी एकत्र येऊन केला, हे खरे. परक्या शहरात आपल्या ओळखीच्या माणसाचाच आधार वाटतो. अहमदाबादमधील एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सदस्यत्व आपल्या समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला, हेही खरे. पण जे कायद्यात बसते, ते सर्वच शेजारधर्मात बसते असे नाही. एका छोट्या समाजाने टिकून राहण्यासाठी धरलेला आडोसा वेगळा आणि बहुसंख्यांनी कोणालातरी दाराबाहेर ठेवण्यासाठी घातलेले कुंपण वेगळे. बहुमत म्हणजे न्याय नव्हे. बहुमत हे साधन आहे. ते कशासाठी वापरायचे, हे हात वर करणाऱ्याच्या मनावर अवलंबून असते. म्हणून अशा सभेला चांगल्या मनाच्या माणसांनी गैरहजर राहणे धोक्याचे आहे.

संकटकाळी संस्थेची दोन्ही रूपे दिसतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. रस्त्यांवर अडकलेल्या अनोळखी माणसांना अनेक सोसायट्यांनी जिन्यांत, गच्चीवरच्या खोल्यांत, घरांत आसरा दिला, चहा-खिचडी दिली. त्या रात्री फाटके उघडी होती. २०२० मध्ये करोनाच्या साथीत याच संस्थांनी एकट्या राहणाऱ्या वृद्धांना औषधे आणि भाजी पोहोचवली. तर काहींनी परिचारिकांना आणि घरकाम करणाऱ्या स्त्रियांना दारातच अडवले. संस्था तीच, नियमही तेच. फरक पडला तो माणसांनी घेतलेल्या निर्णयांमुळे. म्हणून सोसायटीला चांगली किंवा वाईट म्हणणे मला अपुरे वाटते. आपण जेवढे चांगले असू आणि जेवढे हजर असू, तेवढीच ती चांगली असते.

२०११ च्या ९७ व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्था स्थापन करण्याचा हक्क संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदात समाविष्ट झाला. भाषणस्वातंत्र्य ज्या अनुच्छेदात आहे, त्यातच हा हक्क आहे. आपण पाच वर्षांतून एकदा मत देतो आणि उरलेला काळ सरकारला नावे ठेवतो, असे आपल्याविषयी म्हटले जाते. लोकशाहीचा सराव करायला रोजची, जवळची, हाताला लागणारी जागा हवी. टाकी केव्हा धुवायची, ओला व सुका कचरा कसा वेगळा ठेवायचा, पहारेकऱ्याला बसायला खुर्ची आणि डोक्यावर पंखा द्यायचा की नाही, हे प्रश्न लहान आहेत. पण जो माणूस या लहान प्रश्नांवर शेजाऱ्याचे ऐकून घेतो, आपले मत मांडतो, हरला तरी निर्णय पाळतो आणि निर्णय चुकीचा वाटल्यास सनदशीर मार्गाने तो बदलतो, तोच मोठ्या प्रश्नांवरही नागरिक म्हणून उभा राहू शकतो.

आरंभी मी व्याकरणाचा उल्लेख केला होता. सोसायटी ही 'ती' नव्हे, 'आम्ही' आहे, असे आपण पाहिले. पण मराठीने आपल्याला आणखी एक सर्वनाम दिले आहे. 'आम्ही' म्हणताना समोरचा माणूस बाहेर राहतो. 'आपण' म्हणताना तो आत येतो. 'आम्ही असे ठरवले आहे' आणि 'आपण असे ठरवू या' या दोन वाक्यांत एका फाटकाचे अंतर आहे. ज्यांच्या नावावर घर आहे, त्यांची सोसायटी 'आम्ही' असते. ज्यांच्या हातांनी ती इमारत रोज झाडली, राखली, चालवली जाते, त्यांनाही मोजले, तर ती 'आपण' होते. कायद्याने तेथवर पोचता येत नाही. सभेला गेल्याने मात्र येऊ शकते.

आमच्या इमारतीत येत्या सप्टेंबरातही सभा होईल. ती वेळेवर सुरू होणार नाही. गाडीच्या जागेवरून वाद होईल. चहा गार झालेला असेल. मी जाणार आहे.

विचार करा आणि लिहा

१. "माझी गैरहजेरी तटस्थ नव्हती" असे लेखिका का म्हणते? तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
२. तळमजल्यावरील पोस्टमास्तरांच्या मतात कोणता बदल झाला? त्यांचा युक्तिवाद तुम्हाला पटतो का?
३. 'आम्ही' आणि 'आपण' या सर्वनामांतील फरक दाखवणारी प्रत्येकी दोन वाक्ये तयार करा.
४. तुमच्या इमारतीतील, गल्लीतील, वस्तीतील किंवा गावातील एखादी सामायिक गोष्ट निवडा. ती सांभाळण्यासाठी सभा बोलवायची आहे, असे समजून त्या सभेची सूचना लिहा.
५. लेखिकेच्या मताशी तुम्ही असहमत असाल, तर आपले मत कारणांसह आठ ते दहा वाक्यांत मांडा.